बारा बैठका, अठरा हजार: दिवस राहण्यासाठी ॲक्युपंक्चरचा खरंच उपयोग होतो का?

शहापूरची_सून

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

वय ३३, लग्नाला सहा वर्षं झाली. दोनदा आययूआय (शुक्राणू नळीनं थेट गर्भाशयात सोडतात ते) केलं, दोन्ही वेळा चौदा दिवस मोजले आणि पाळी आली. आता डॉक्टरीणबाई म्हणतात आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करूया, पुढच्या महिन्यात सुरुवात. एवढ्यात सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या एका काकूंनी ॲक्युपंक्चरवाल्यांचा पत्ता आणून दिला. जाऊन आले. जागा स्वच्छ, माणूस बोलायला गोड. बारा बैठका, अठरा हजार, सगळे आधी भरायचे. "ट्रान्सफरच्या, म्हणजे गर्भ आत सोडायच्या, आधी सुया घेतल्या की यश जवळजवळ दुप्पट," असं म्हणाले आणि एक लॅमिनेट केलेला कागद समोर ठेवला. जर्मनीतला अभ्यास, २००२ चा. सुया घेतलेल्यांत ४२.५ टक्के बायकांना दिवस राहिले, न घेतलेल्यांत २६.३.

आकडे मनचे वाटत नाहीत. खरं इतकी वर्षं झाली, तर मग आमच्या डॉक्टरीणबाईंनी कधी नावसुद्धा कसं काढलं नाही? मीच विचारलं तर म्हणाल्या, "घ्यायच्या तर घ्या, अपाय काही नाही." झालं, पुढचा नंबर आत.

यजमानांचं छोटं दुकान आहे. आयव्हीएफसाठी पाटल्या आधीच सोसायटीत ठेवल्यात. अठरा हजार म्हणजे आमच्या घरात गंमत नाही. कुणी हे अभ्यास वाचले असतील तर सांगा. श्रद्धा-अंधश्रद्धेचा वाद नको, तो घरात रोज असतो.

कडोलीकर

ताई, बिनधास्त घ्या. माझ्या भाचीला आठ वर्षं मूल नव्हतं. तीन महिने सुया घेतल्या, चौथ्या महिन्यात गोड बातमी. आता पोरगं बालवाडीत जातंय. अभ्यास-बिभ्यास राहू दे की बाजूला, डोळ्यांनी बघितलेलं मोठं.

निपाणीचा_तंबाखू

कडोलीकर, त्याच तीन महिन्यांत भाचीनं आणखी काय काय केलं होतं?

कडोलीकर

डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, अंडी वाढायच्या. आणि वाडीला पौर्णिमा धरल्या होत्या.

निपाणीचा_तंबाखू

मग गुण सुईचा, गोळीचा की नरसोबाचा? वाडीवाल्यांनी कागद लॅमिनेट केला नाही एवढंच त्यांचं चुकलं.

नर्सबाईंची_लेक

शहापूरची_सून, तो कागद खरा आहे. १६० बायका होत्या. ८० जणींना गर्भ आत सोडायच्या आधी आणि नंतर सुया, ८० जणींना सुया नाहीत. टक्केही तुम्ही लिहिलेत तेच. फक्त २००२ साली तो प्लास्टिकमध्ये बंद झाला आणि त्यानंतर जे घडलं ते सगळं प्लास्टिकच्या बाहेर राहिलं.

ते सांगते, खरं आधी आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट, कारण तिच्याशिवाय पुढचं नीट उमजणार नाही.

माझी आई एएनएम, म्हणजे खेड्यातली सरकारी नर्स होती, इथल्याच एका उपकेंद्रात. २००२ ते २००५ मध्ये जेएनएमसीच्या (बेळगावच्या मेडिकल कॉलेजच्या) लोकांनी बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक चाचणी घेतली. बाळंतपणानंतर अंगावरून जाऊन बाई दगावते, ते मिसोप्रोस्टॉल नावाच्या स्वस्त गोळीनं टळतं का, हे बघायचं होतं. १६२० बायका. बाळंतपण घरात नाहीतर उपकेंद्रात, हाताशी डॉक्टर नाही, फक्त नर्सबाई. आईच्या बरोबरीच्या एक बाई त्या कामावर होत्या, त्यांच्या तोंडून ऐकलेलं सांगते. बाळ बाहेर आलं की बाळंतिणीच्या खाली प्लास्टिकची चादर सरकवायची. चादरीच्या टोकाला नरसाळ्यासारखी निमुळती पिशवी, पिशवीवर मापाच्या रेघा. त्याआधी "दोन लुगडी भिजली" असा हिशोब असायचा, तो तिथं मिलिलिटरवर आला. आणि गोळ्या अशा की निम्म्या बायकांना खरी, निम्म्यांना दिसायला हुबेहूब तशीच, आत औषध नाही. कुणाला कुठली गेली हे देणाऱ्या नर्सबाईलाही माहीत नाही. "मला कळलं असतं तर पांढऱ्याफटक पोरीला मी खरीच दिली असती की," असं त्या म्हणायच्या. तेवढ्यासाठीच तर कळू द्यायचं नसतं. २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: खोटी गोळी घेतलेल्यांत शंभरात १२ जणींना जास्त रक्तस्राव, खरी घेतलेल्यांत ६.४. फार जास्त रक्तस्राव १.२ वरून ०.२ वर.

म्हणजे आपल्या खेड्यांतल्या बायाबापड्यांनाही जी कसोटी लावली, ती सुईला लावली का, एवढंच विचारायचं. जर्मनीतल्या त्या अभ्यासात लावली नव्हती. सुया कुणाला मिळाल्या हे त्या बाईला माहीत, डॉक्टरलाही माहीत. खोटी सुई नव्हतीच.

निपाणीचा_तंबाखू

खोटी गोळी समजली. खोटी सुई कशी देणार हो? टोचलं की कळतंय की.

नर्सबाईंची_लेक

नाटकात खंजीर खुपसतात तो कसा मुठीत सरकतो, तशीच. १९९८ साली जर्मनीतच असली सुई निघाली. टोक बोथट, कातडीला टेकलं की बोचल्यासारखं होतं आणि दांडी वर मुठीत शिरते. बघणाऱ्याला वाटतं आत गेली. सुई उभी राहावी म्हणून खाली एक गोल कडं आणि त्यावर चिकटपट्टी, खऱ्या सुईलाही तेच कडं, म्हणजे दोन्ही सारख्याच दिसतात.

हाँगकाँगमध्ये आयव्हीएफच्या ३७० बायकांवर असाच प्रयोग झाला, निकाल २००९ मध्ये आला. खऱ्या सुया घेतलेल्यांत ४३.८ टक्के जणींना दिवस राहिले. नाटकातल्या सुया घेतलेल्यांत ५५.१.

परत वाचा. खोट्या सुईवाल्या पुढे गेल्या.

कडोलीकर

म्हणजे सुईनं उलट नुकसान होतंय म्हणताय?

नर्सबाईंची_लेक

नाही म्हणत. एका अभ्यासावर नाचायचं नाही, हा नियम मला आवडणाऱ्या निकालालाही लागू. म्हणून पुढचं बघा.

२००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सात अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला, १३६६ बायका. सुईनं फायदा होतो असं निघालं आणि जगभर बातम्या झाल्या. तुमच्या कागदाला खरा भाव तेव्हा आला. त्याच गटातल्या लोकांनी २०१३ मध्ये हिशोब परत केला, आता १६ अभ्यास आणि चार हजारांवर बायका. एकंदरीत फायदा उडाला. राहिला तो फक्त जिथं मुळातच यश कमी मिळतं अशा ठिकाणी. स्वतःचं आधीचं उत्तर स्वतःच खोडणं सोपं नसतं, मला त्या लोकांचं कौतुक वाटतं.

मग २०१८. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, १६ केंद्रं, ८४८ बायका, निम्म्यांना खऱ्या सुया, निम्म्यांना न टोचणाऱ्या. आणि मोजलं काय, तर नुसते दिवस राहणं नव्हे, जिवंत बाळ हातात येणं. खऱ्या सुया १८.३ टक्के, खोट्या १७.८. शंभर बायकांत अर्ध्या बाळाचा फरक. तो सोडतीतल्या नशिबानंही पडतो.

तुमच्या लॅमिनेशनवाल्यांना विचारा, हा कागद का नाही लावला.

टोचणी

मी स्वतः ॲक्युपंक्चर करतो, गडहिंग्लज भागात. वरचं वाचून गप्प बसवेना.

एक, त्या २०१८ च्या अभ्यासात बायकांना तीनच बैठका होत्या. एक इंजेक्शनं चालू असताना, दोन ट्रान्सफरच्या दिवशी. आमच्याकडे कुणी तीन बैठकांत काही कबूल करत नाही. अँटिबायोटिकची एक गोळी देऊन औषध लागू पडत नाही म्हणण्यासारखं झालं हे.

दोन, तुमची खोटी सुई अगदीच निष्प्रभ असते हे कशावरून? कातडीला नुसतं टेकवलं तरी नसा जाग्या होतात. मग तुम्ही दोन प्रकारच्या सुयांची तुलना करताय, सुई आणि काहीच नाही यांची नव्हे.

बाकी आधी सगळे पैसे भरून घेणं मलाही पटत नाही.

नर्सबाईंची_लेक

टोचणी, दोन्ही मुद्दे वाजवी आहेत आणि दोन्ही तुमच्याआधी इतरांनीही मांडलेत. पहिल्याचं उत्तर चीनमध्येच मिळालं.

२०१७. पीसीओडीच्या (अंडी वेळेवर सुटत नाहीत त्या विकाराच्या) १००० बायका, चीनमधली २१ केंद्रं, सुया टोचणारे तिथलेच शिकलेले लोक. आठवड्यातून दोनदा, दर वेळी अर्धा तास, चार पाळ्यांपर्यंत. तीन बैठका म्हणायला इथं जागा नाही. चार गट केले. खरी सुई आणि खरी गोळी (क्लोमिफीन): शंभरात २९.४ जणींना बाळ. खोटी सुई आणि खरी गोळी: २८. खरी सुई आणि खोटी गोळी: १३.९. खोटी सुई आणि खोटी गोळी: १६.८.

आता या चार आकड्यांवर बोट फिरवा. गोळी बदलली की आकडा दुप्पट-निम्मा होतो. सुई बदलली की जागचा हलत नाही. कडोलीकर, तुमच्या भाचीचं उत्तर यात आहे बघा, बहुतेक त्या "अंडी वाढायच्या गोळ्यां"त.

(खऱ्या सुयावाल्यांत काळंनिळं पडणं मात्र जास्त होतं, ७.४ टक्के विरुद्ध १.८. फार मोठं दुखणं नव्हे, खरं "अपाय काही नाही" म्हणताना तेवढंही सांगावं.)

दुसऱ्या मुद्द्याबद्दल: समजा नुसतं टेकवूनही परिणाम होतो. मग शेकडो बिंदू, चौदा वाहिन्या, कुठल्या बिंदूत किती खोल, हे सगळं शास्त्र कशाला? कुठंही टेकवा. आणि मग अठरा हजार कशाचे?

खानापूरकर

चिनी थोतांड आहे सगळं. ज्यांना आपलं आयुर्वेद दिसत नाही त्यांना बीजिंगची सुई दिसते.

निपाणीचा_तंबाखू

खानापूरकर, ती सुई भारतात आणण्याचं श्रेय लोक एका सोलापूरकराला देतात, माहीत आहे का? डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९३८ मध्ये चीनला गेले.

नर्सबाईंची_लेक

अवांतर होतंय तरी सांगते, ते श्रेय कोटणीसांचं नव्हे. ते शल्यविशारद होते, चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करता करता १९४२ मध्ये तिथंच वारले. त्याच वैद्यकीय पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू पुढं पन्नाशीच्या दशकात परत चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. लुधियानाच्या ॲक्युपंक्चर रुग्णालयाला कोटणीसांचं नाव आहे, त्यामुळं घोटाळा होतो.

आणि थोतांड म्हणून हात झटकू नका. "चिनी" हा काही दोष नाही, वरचा सगळ्यात कडक अभ्यास चिन्यांनीच केलाय.

मागावरची_साडी

वडगावात राहते, वय ५४. विषय निघालाच आहे म्हणून विचारते, इथं कुणी ओळखत नाही म्हणून धीर होतोय. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. अंगातून वाफा येतात, रात्री पातळ भिजतं घामानं. आणि दुसरं म्हणजे खोकलं, शिंकलं, पाण्याची घागर उचलली की थोडी लघवी होते. घरात यंत्रमाग आहे, उभ्यानं काम, वाकून बीम चढवायला हात लावावा लागतो. लेकीला सांगायची लाज वाटते. सुईनं यातलं काही बरं होतंय का?

नर्सबाईंची_लेक

काकू, बरं केलंत विचारलंत ते. आमच्या आईच्या उपकेंद्रात बायका हे सांगायच्या ते निघताना, दारात चप्पल घालता घालता.

वाफांचं आधी. ऑस्ट्रेलियात ३२७ बायकांवर खरी आणि खोटी सुई लावून बघितली, २०१६ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांत त्रास साधारण ४० टक्के उतरला. सारखाच. म्हणजे कुणीतरी आठ आठवडे वेळ देऊन ऐकून घेतलं, अर्धा तास आडवं पडायला मिळालं, त्याचाही उतार असेल. वडगावातल्या बाईला दिवसा अर्धा तास आडवं पडायला कोण देतंय? त्याची किंमत मी शून्य धरत नाही. खरं ती सुईची नव्हे.

लघवीचं मात्र वेगळं आहे, आणि इथं मला टोचणींच्या बाजूनं बोलावं लागेल. २०१७ मध्ये चीनमधला ५०४ बायकांचा अभ्यास आला, नेमका खोकताना-उचलताना होणाऱ्या त्रासावर. कमरेखाली माकडहाडाच्या भागात सुया आणि त्यांना बारीक वीज, सहा आठवड्यांत १८ बैठका. तासाभरात किती लघवी गळते ते पॅड वजन करून मोजलं. खऱ्या सुयांनी गळणं ९.९ ग्रॅमनी कमी झालं, खोट्यांनी २.६. इथं सुई जिंकली.

तरीही तुम्ही आधी व्यायाम शिका. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते आवळून धरायचे, सोडायचे, रोज तीन वेळा, तीन महिने. सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपीवाल्या असतील तर त्यांच्याकडून शिकून घ्या. जळजळ असेल तर लघवी तपासून घ्या आणि साखरही बघा.

मागावरची_साडी

करते. देव भलं करो बाई तुझं.

कडोलीकर

मोठ्या लेकीला पाळीत फार दुखतंय, कॉलेज बुडतं. त्याला सुई?

नर्सबाईंची_लेक

त्यावर अभ्यासांचा ढीग आहे. २०१६ मध्ये कॉक्रेननं (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) ४२ अभ्यास चाळले, साडेचार हजारांवर बायका. काहीच न घेणाऱ्यांपेक्षा सुई घेणाऱ्यांना बरं वाटलं. खोट्या सुईपेक्षा बरं का, हे ठामपणे सांगण्याइतका चांगला पुरावा सापडला नाही. दुखण्याचं असंच असतं, ते ऐकून घेतल्यानंही कमी होतं. दुखणं थांबवायची गोळी पोटभर जेवून, दुखणं चढायच्या आधी घ्यायची. कॉलेज बुडण्याइतकं दुखत असेल तर मात्र "सगळ्यांनाच दुखतं" म्हणून सोडू नका, सोनोग्राफी करा. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं ते) वर्षानुवर्षं असंच लपून राहतं.

टोचणी

बाळ उलटं असेल तर, तेही सांगा. त्यात आमचा पुरावा आहे.

नर्सबाईंची_लेक

हो, पायाळूचं. तिथं सुई नाही, धग. पायाच्या करंगळीच्या नखाशेजारी वनस्पतीची कांडी पेटवून जवळ धरायची, टेकवायची नाही. (आपल्याकडं डाग देतात तसलं नव्हे, कुणी उदबत्ती घेऊन बसू नका.) १९९८ मध्ये चीनमधल्या २६० पहिलटकरणींवर केलेला अभ्यास: धग दिलेल्या १३० जणींत ७५.४ टक्के बाळं पस्तिसाव्या आठवड्यात डोकं खाली करून, न दिलेल्यांत ४७.७. फरक मोठा. पुढं इटलीत तोच प्रयोग करायला गेले तर बायकांना धूर, वास, त्रास, अर्ध्यावर थांबवावा लागला. आणि पहिल्या अभ्यासातही धग कुणाला हे सगळ्यांना माहीत होतं. आशा आहे म्हणेन, खात्री नाही.

माझी आजी पायाळू होती. कंबर धरली की गल्लीतले लोक तिच्याकडून लाथ मारून घ्यायला यायचे. तिच्यावर कुणी अभ्यास केला नाही, नाहीतर वाईट आकडे आले नसते.

शहापूरची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं दोनदा वाचलं. चार गटांचे आकडे वहीत उतरवून यजमानांना दाखवले, त्यांना दुकानाच्या हिशोबामुळं माझ्याआधी कळलं.

नर्सबाईंची_लेक

एक विचारायचं राहिलं. रागवू नका. यजमानांची तपासणी झाली आहे ना?

शहापूरची_सून

...नाही. दोन्ही आययूआयच्या वेळी "नमुना ठीक आहे" एवढंच तोंडी म्हणाले होते. कागद कधी हातात आला नाही. घरात तर हा विषयच नाही. सोनोग्राफी, ट्यूब, थायरॉइड, सगळं माझंच.

नर्सबाईंची_लेक

मग अठरा हजारांच्या आधी काही शे रुपयांची ती तपासणी लेखी करून घ्या. आणि डॉक्टरीणबाईंना गर्भाशयाच्या क्षयाबद्दलही विचारा. आपल्या देशात ते कारण निघतं, खोकला-ताप काही नसताना. ३३ हे वय वाईट नाही, खरं पस्तिशीनंतर अंडी भराभर कमी होतात. सुईचा मोठा अपाय काळानिळा डाग नव्हे. "आधी बारा बैठका होऊ देत, मग बघू" म्हणत जाणारे चार महिने हा आहे.

तरीही मनाला बरं वाटतं म्हणून दोन बैठका घ्याव्याशा वाटल्या तर घ्या की, कुणाला जाब द्यायचा नाही. सुटे पैसे द्या, सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, आणि ट्रान्सफरची तारीख त्यांच्यासाठी हलवू नका.

निपाणीचा_तंबाखू

शेवटच्या वाक्याला +१. सूनबाई, कळवत राहा.

शहापूरची_सून

पाच आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

यजमान तयार व्हायला आठ दिवस लागले. बेळगावात नको म्हणाले, लॅबमध्ये कुणीतरी ओळखीचं निघतंच. कोल्हापूरला गेलो, महालक्ष्मीचं दर्शन म्हणून घरी सांगितलं, दर्शनही घेतलं. रिपोर्ट आला: शुक्राणूंची संख्या कमी, हालचालही कमी. परतीच्या बसमध्ये हत्तरगीच्या टोलनाक्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "सहा वर्षं तुलाच टोचत होते की गं सगळे."

डॉक्टरीणबाईंनी आता इक्सी (एकच शुक्राणू निवडून सुईनं अंड्यात सोडतात ते) करायचं ठरवलंय. क्षयाची तपासणी केली, क्षय निघाला नाही. अठरा हजार तिकडं लागले.

सासूबाईंनी परवा विचारलं, त्या सुया कधीपासून सुरू करणार? म्हटलं, सुरू झाल्या. रोज संध्याकाळी सातला, बेंबीच्या बाजूला, यजमान स्वतः टोचतात. पहिल्या दिवशी त्यांचा हात इतका थरथरत होता की मीच धरला. इंजेक्शनं फ्रिजमध्ये कुंद्याच्या डब्याशेजारी ठेवलीत. पावणेसात वाजले की सासूबाई स्वतः बाहेर काढून ठेवतात, "फार गार टोचू नये" म्हणतात.